आधी घात, मग आकडा

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचा प्रश्न आहे: "माझी मुलगी नववीत आहे. ४५,००,००० ही संख्या ४.५ × १०^६ अशी लिही म्हटलं की झटक्यात लिहिते. पण धरण, टाकी, बियाणं असलं शाब्दिक उदाहरण आलं की उत्तर कधी शंभरपट, कधी हजारपट चुकतं. क्लासच्या सरांनी अजून सराव करा एवढंच सांगितलं. मी बारावी शिकलोय, आमची दोन एकर शेती आहे. घरी काय करून घेऊ?"

(घातांक इथे वर चढवून लिहिता येत नाही, म्हणून १०^६ असं लिहितोय. वाचताना "दहाचा सहावा घात" वाचा.)

परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शाळांत मी सव्वीस वर्षं गणित शिकवतोय. तुमच्या लेकीला घातांक येत नाहीत असं मला वाटत नाही. उदाहरण वाचलं की ती लगेच आकडे उचलते आणि गुणायला बसते. उत्तर साधारण केवढं यावं हे तिनं आधी ठरवलेलं नसतं. त्यामुळे १०^६ च्या जागी १०^९ आलं तरी ते तिला खुपत नाही. वैज्ञानिक लेखनात संख्येचे दोन तुकडे असतात: पुढे १ आणि १० च्या मधला आकडा, मागे दहाचा घात. शाळेत सगळी मेहनत पुढच्या आकड्यावर होते. पण पुढचा आकडा थोडा चुकला तर उत्तर थोडंच चुकतं. घात एकानं चुकला तर दहापट चुकतं, तीननं चुकला तर हजारपट. म्हणून घरी एकच सवय लावा: आधी घात काढायचा, तो पटतोय का पाहायचं, आणि मग आकड्याला हात लावायचा.

आपल्या लेकरांना यातली अर्धी वाट भाषेनंच चालून दिली आहे. लाख म्हणजे ५, कोटी म्हणजे ७, अब्ज म्हणजे ९. "चाळीस हजार कोटी" ऐकलं की ४ × १०^४ × १०^७, घात ११. इथे शून्यं मोजायची गरजच पडत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची यादी एक, दश, शत, सहस्र अशी सुरू होते आणि परार्धापर्यंत जाते. अठरा नावं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट, म्हणून परार्ध म्हणजे १०^१७. ही यादी मी दरवर्षी वर्गात म्हणून घेतो. प्रत्येक नाव हा एक घातांक आहे हे एकदा कळलं की लेकरांची भीती निम्मी होते. घोळ होतो तो मिलियन-बिलियनपाशी. मिलियन म्हणजे दहा लाख, घात ६. बिलियन म्हणजे अब्ज, घात ९. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या लेकीचं दुखणं मला तिथेच पहिल्यांदा कळलं. सुरुवातीच्या वर्षांत चाचणीत मी उदाहरण दिलं होतं: शेततळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, काठ सरळ आहेत असं मानून किती लिटर पाणी मावेल? एका मुलीनं २.७ × १०^९ लिटर लिहिलं. लेखन नीटनेटकं होतं, मी अर्धा गुण कापला आणि पुढचा पेपर घेतला. पालकसभेत तिच्या वडिलांनी पेपर पाहिला आणि म्हणाले, "सर, एवढं पाणी आमच्या तळ्यात असतं तर आम्ही उन्हाळ्यात मोसंबीला टँकर कशाला लावला असता?" ते सातवी शिकलेले होते. आकडा त्यांना वाचता आला नव्हता, शेजारच्या पालकानं "दोनशे सत्तर कोटी लिटर" असं वाचून दाखवलं, आणि त्या क्षणी त्यांना चूक दिसली. ती केवढी मोठी आहे हे मला पेपर तपासताना दिसलं नव्हतं. २७०० घनमीटर म्हणजे २.७ × १०^३. एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे १०^३. उत्तर २.७ × १०^६, सत्तावीस लाख लिटर. त्या मुलीनं घनमीटरचे घनसेंटिमीटर केले होते, गुणिले १०^६, आणि त्यालाच लिटर म्हटलं होतं.

तेव्हापासून मी आधी पाण्याची शिडी शिकवतो. मराठवाड्यात पाण्याचं माप लेकरांना सांगावं लागत नाही, ते त्यांनी डोक्यावर वाहिलेलं असतं. बादली म्हणजे दहा-पंधरा लिटर, घात १. टँकर म्हणजे दहा-बारा हजार लिटर, घात ४. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर: ५ × १०^५. नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, पंचवीस लाख लिटर: २.५ × १०^६. वर सांगितलेल्या शेततळ्याचे काठ उताराचे धरले, एकास एक उतार, तर त्यात २१९६ घनमीटर मावतं, म्हणजे सुमारे २.२ × १०^६ लिटर. अख्ख्या देशानं बातम्यांत पाहिलेली ती लांबच लांब गाडी आणि एक भरलेलं शेततळं शिडीच्या एकाच पायरीवर बसतात. हे मी फळ्यावर लिहितो तेव्हा वर्ग शांत होतो. पुढे एक टीएमसी (धरणाचं पाणी मोजायचं माप, अब्ज घनफूट), २.८३ × १०^१० लिटर. आणि नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, जिवंत (वापरता येणारा) साठा, २.१७ × १०^१२ लिटर.

ही शिडी तुमच्या लेकीच्या हातानं, तुमच्या घरच्या वस्तूंवरून करून घ्या. तुमची बादली किती लिटरची, माळवदावरची टाकी केवढी, गावची पाण्याची टाकी केवढी. त्यातच वर सांगितलेल्या लातूरच्या गाड्या आणि धरणही लिहायला सांगा. पुढे कुठलंही पाण्याचं उदाहरण आलं की तिनं आधी एवढंच बोलायचं: हे टँकरच्या आसपास आहे की धरणाच्या? मग पेन उचलायचं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. ते मुद्दाम सोयाबीनचं घेतो, कारण त्याचं उत्तर तिला रानात जाऊन तपासता येईल.

एकरी ३० किलो सोयाबीन पेरायचं असं आपण ऐकतो. ३० च का? ओळीतलं अंतर ४५ सेंटिमीटर, दोन झाडांतलं ५ सेंटिमीटर. एका झाडाच्या वाट्याला जागा किती? मीटरमध्ये घ्या: ४.५ × १०^-१ गुणिले ५ × १०^-२. पुढचे आकडे गुणा, २२.५. घातांची बेरीज करा, -३. २२.५ × १०^-३ म्हणजे २.२५ × १०^-२ चौरस मीटर. इथे बहुतेक लेकरं अडखळतात: २२.५ चं २.२५ केलं तर घात वाढवायचा की घटवायचा? त्याला पाठ केलेला नियम नको. पुढचा आकडा दहापट लहान केला, तर मागचा दहापट मोठा करावाच लागेल, नाहीतर संख्या बदलेल. १०^-३ च्या दहापट म्हणजे १०^-२. तिला दरवेळी हेच मोठ्यानं म्हणायला लावा. डावीकडे-उजवीकडे टिंब सरकवण्याचे बाण काढू देऊ नका. बाण परीक्षेच्या घाईत उलटे पडतात.

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, ४.०५ × १०^३ धरू. भागिले २.२५ × १०^-२. ४.०५ भागिले २.२५ बरोबर १.८. घातांची वजाबाकी: ३ वजा (-२), म्हणजे ५. एकरी १.८ × १०^५ झाडं, एक लाख ऐंशी हजार.

आता बियाण्याच्या बाजूनं या. शंभर दाण्यांचं वजन वाणानुसार बदलतं, इथे १२ ग्रॅम धरू. एक दाणा १.२ × १०^-१ ग्रॅम. ३० किलो म्हणजे ३ × १०^४ ग्रॅम. भागाकार: ३ भागिले १.२ म्हणजे २.५, घात ४ वजा (-१) म्हणजे ५. दाणे २.५ × १०^५. झाडं पाहिजेत १.८ लाख आणि दाणे अडीच लाख. मग सत्तर हजार दाणे वाया? नाही. बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी असं प्रमाण आहे. २.५ × १०^५ गुणिले ७ × १०^-१ म्हणजे १७.५ × १०^४, म्हणजेच १.७५ × १०^५. पाहिजे होती १.८, आली १.७५. कृषी विभागाची माणसं पेरणीआधी गोणपाटावर शंभर दाणे भिजवून उगवण तपासा म्हणून सांगतात, ते या गणिताचाच एक भाग आहे. उगवण ६० आली तर बियाणं किती लागेल हे तिला काढू द्या. झाडं तेवढीच, १.७५ × १०^५, धरली तर ३५ किलो यायला पाहिजे.

मी मुलांना याच उदाहरणासाठी घरून शंभर दाणे मोजून आणायला लावतो आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून घेतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ कुणी आणतं, कुणी घरचंच राखलेलं. प्रत्येकाचं वजन वेगळं येतं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, पण घात मात्र सगळ्यांचा ५ च येतो. या तासाइतका उपयोगी तास माझ्याकडे दुसरा नाही.

आता धरणाकडे. पावसाळ्यात पैठणच्या बातम्या तुम्ही वाचताच. जायकवाडीचा मृतसाठा (तळाचं, सोडता न येणारं पाणी) ७३८ दलघमी, जिवंत साठा २१७१ दलघमी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, १०^६. एकूण साठा काढायचा तर ७.३८ × १०^८ आणि २.१७१ × १०^९ यांची बेरीज. तुमची लेक पुढचे आकडे मिळवून ९.५५१ लिहील आणि घात कुठला ठेवायचा यावर अडेल. तिला मोंढ्यातल्या काट्यावरची गोष्ट सांगा. एका पट्टीवर ७ क्विंटल, दुसऱ्या पट्टीवर ४० किलो. आपण ४७ म्हणतो का? आधी दोन्ही एका मापात आणतो. इथे माप म्हणजे घात. ७.३८ × १०^८ चं ०.७३८ × १०^९ करा, मग मिळवा: २.९०९ × १०^९ घनमीटर. गुणाकार-भागाकाराला घात सारखे असण्याची गरज नाही, बेरीज-वजाबाकीला आहे. नववी-दहावीत जाणाऱ्या गुणांचा मोठा वाटा या एका फरकात जातो.

टीएमसीशी जपून. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, १०^९ घनफूट. वरचा साठा १०^९ घनमीटरमध्ये होता. घात तोच, माप वेगळं, आणि एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. म्हणून २.१७१ × १०^९ घनमीटर म्हणजे २ टीएमसी नव्हे, साधारण ७६.६ टीएमसी. घाताशेजारी एकक लिहिलं नसेल तर त्या घाताला काही अर्थ नाही. माझ्या वर्गात एकक नसलेल्या ओळीला मी गुण देत नाही, आणि याबाबतीत मी कधी नरमलो नाही.

विसर्गाचं उदाहरण मात्र लेकरांना फार सोपं जातं. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला १०^५ घनफूट. एक टीएमसी सोडायला वेळ किती? १०^९ भागिले १०^५, १०^४ सेकंद, पावणेतीन तासांहून थोडा जास्त. तोंडी होतं.

बाष्पीभवनाचं तसं नाही, तिथे क्षेत्रफळाचा सापळा आहे. समजा उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी २०० चौरस किलोमीटरवर पसरलंय आणि दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडून जातंय. किलोमीटरचे मीटर करताना १०^३ नं गुणतात, म्हणून मुलं चौरस किलोमीटरलाही १०^३ नंच गुणतात. पण चौरसाच्या दोन्ही बाजू हजार-हजार मीटर, म्हणून १०^६. क्षेत्र २ × १०^८ चौरस मीटर. १० मिलिमीटर म्हणजे १०^-२ मीटर. गुणाकार २ × १०^६ घनमीटर, म्हणजे २ × १०^९ लिटर. आता शिडीवर ठेवा. पन्नास वाघिणींची गाडी २.५ × १०^६ लिटरची. २ भागिले २.५ म्हणजे ०.८, घात ९ वजा ६ म्हणजे ३. ०.८ × १०^३, नीट लिहिलं तर ८ × १०^२. आठशे गाड्या, एका दिवसात, कुणी न उपसता, निव्वळ उन्हानं. आपल्या भागात पाण्याची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब करता यायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि तो नववीतल्या मुलीला येतो.

उत्तरात अंक किती ठेवायचे हेही सांगून ठेवतो. कॅल्क्युलेटर दहा अंक दाखवतो म्हणून दहा लिहायचे नसतात. दाण्याचं वजन आपण दोन अंकांत मोजलं, तर उत्तरही दोन-तीन अंकांतच खरं असतं. आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर मोठ्या उत्तरात मध्येच इंग्रजी ई अक्षर दिसलं तर ती चूक नव्हे. ई च्या पुढचा आकडा म्हणजे दहाचा घातांक.

ऋण घातांसाठी मात्र दाणे आणि मिलिमीटर पुरत नाहीत, तिथे खरोखर लहान काहीतरी लागतं. ते तुमच्या शेजारीच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग) टिपणारी वेधशाळा उभारली जातेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले: २.६ × १०^३ × १०^७, म्हणजे २.६ × १०^१० रुपये. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या आत लेझरचा किरण. लहर आली की भुजांच्या लांबीत किंचित फरक पडतो. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली तेव्हा हा फरक लांबीच्या १०^-२१ पट होता. मीटरमध्ये किती? ४ × १०^३ गुणिले १०^-२१, म्हणजे ४ × १०^-१८ मीटर. प्रोटॉनचा व्यास साधारण १.७ × १०^-१५ मीटर. प्रोटॉन या फरकाच्या किती पट मोठा? १.७ भागिले ४ म्हणजे ०.४२५. घात: -१५ वजा (-१८). इथे मुलं -३३ लिहितात, मग उत्तराकडे बघतही नाहीत. तिला आधी विचारा, मोठं काय, प्रोटॉन की तो फरक? -१८ पेक्षा -१५ मोठा, म्हणजे प्रोटॉन मोठा, म्हणजे उत्तर एकाहून मोठं यायला पाहिजे, म्हणजे घात धनच हवा. +३. ०.४२५ × १०^३, सव्वाचारशे पट. अणूच्या गाभ्यातला एक कण, त्याच्या सव्वाचारशेव्या हिश्श्याएवढी हालचाल, आणि ती मोजण्याचं यंत्र आपल्या हिंगोलीच्या माळरानावर उभं राहतंय. औंढ्याला दर्शनाला जाल तेव्हा तिला हे उदाहरण वाटेत तोंडी घाला.

रोज एकच उदाहरण पुरे, वीस मिनिटं. उदाहरण तिनं मोठ्यानं वाचायचं, पेन खाली ठेवून घाताचा अंदाज सांगायचा, तो वहीच्या कडेला लिहायचा, मग सोडवायचं. अंदाज आणि उत्तर यांत दोन किंवा जास्त घातांचा फरक पडला तर तुम्ही चूक दाखवू नका. एककं पुन्हा वाच, एवढंच म्हणा. बारावीचं तुमचं शिक्षण याला भरपूर आहे. त्या सातवी शिकलेल्या वडिलांनी माझी चूक अंदाजावरच पकडली होती.

पहिलं उदाहरण मी देतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. तुमच्या दोन एकरांवर त्या दिवशी किती लिटर पाणी पडलं? दोन एकर म्हणजे ८.१ × १०^३ चौरस मीटर, पाऊस ६.५ × १०^-२ मीटर. गुणाकार ५२.६५ × १०^१, म्हणजे ५.२७ × १०^२ घनमीटर, लिटरमध्ये ५.२७ × १०^५. हे तिला सांगू नका, तिला काढू द्या. मग तिच्या शिडीवर त्याच पायरीवर आधीपासून काय लिहिलंय ते बघायला सांगा. तिथे मिरजेहून लातूरला आलेली पहिली गाडी असेल.